सौदा माझा, खुर्ची त्यांची

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं, आणि इतक्या सज्जनपणे फसवणारा माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा नसेल. मी उइटहॉर्नला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. घरातून डबे सुरू केले, आणि भाव ठरवताना कधी कुणाला वरचढ होऊ दिलं नाही. तरी यांच्यापुढे फसले.

कामाला ते वाखनिंगनला, बटाट्यांच्या संशोधनात. राहायला आमच्या गल्लीत. आधीच्या अध्यक्षांनी मनमानी केली म्हणून मंडळाची घटना यांनीच लिहिली होती: अध्यक्षाने फक्त सुचवायचं, सात जणांच्या समितीने ठरवायचं, आणि वर खजिनदाराची सही हवीच. पुढच्याच वर्षी लोकांनी यांनाच अध्यक्ष केलं. तेव्हापासून घटना रेनकोटच्या खिशात, आणि हॉलची खिडकी उघडायची तरी सातही जणांच्या तोंडाकडे बघणं. एकदा मी चिडून उघडली, तर म्हणाले, "वहिनी, अजून चर्चा व्हायची आहे."

त्या वर्षी माझ्याच ओट्याशी उभं राहून, तिसरा मोदक संपवत म्हणाले, "गणपतीचं दोनशे माणसांचं जेवण तुमचंच." माझं पहिलं मोठं काम! मी सुपरमार्केटमधली नोकरी सोडली, फुटबॉल क्लबचं स्वयंपाकघर ठरवलं, नारळ आणले. जेवण रविवारी, आणि मंगळवारी यांचा फोन.

"वहिनी, छोटीशी अडचण आहे. जेवण ठरवायचा अधिकार अध्यक्षाला नाही."

"असलं कलम लिहिलं कुणी?"

"मीच."

पुढे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. 

मग अध्यक्षांनी सायकल काढली. हुकूम सोडता येत नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी माझ्याकडून मोदकांचा डबा घेऊन एकेकाच्या दारात उभं राहायचं. एकाला मुलीचा नाच आरतीच्या आधी हवा, एकीला जेवणात कांदा-लसूण नको, एकाला भाषण करायचं. सगळं कबूल करून पावसात निथळत परत यायचे. "दोन झाले, वहिनी."

"दोघांच्या होकारावर भात शिजत नाही, अहो!" मी ओरडायचे. घाबरले तेही होते. बोलताना सायकलची घंटी उगाच वाजवत राहायचे.

गुरुवारपर्यंत सातातले चौघं वळले, म्हणजे बहुमत झालं. शुक्रवारी खजिनदारांकडून आले ते हसतच. "सही झाली."

"बदल्यात काय दिलंत?"

"काही नाही. दोन मोदक." घंटी मात्र वाजतच होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी लोक बोटं चाटत उठले. माझा धंदा त्या पंगतीवर उभा राहिला. पुढच्या निवडणुकीत अध्यक्षांनी अर्जच भरला नाही, तेव्हा समितीतल्या एकीने सांगितलं: पुन्हा उभं राहायचं नाही, ही सहीची अट होती. खजिनदार अध्यक्ष झाले, आणि पहिल्या महिन्यातच ते कलम काढून टाकलं. आता एका माणसाने मान हलवली की खिडकी उघडते. आमचे अध्यक्ष मागच्या रांगेत बसतात, उकडलं तरी रेनकोट मांडीवर घेऊन.

एका जेवणापायी अख्खी खुर्ची मी जाऊ दिली नसती, म्हणूनच त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्यावर रागवायचं ठरवते, आणि दर चतुर्थीला डबा देऊन येते. पण खजिनदारसाहेब, तुम्ही उत्तर द्या. सौदा माझा होता. किंमत त्यांच्याकडून का घेतलीत?