सुतान पामुंचाकचं शेत

बुयुंग म्हणजे बाळ. आमच्या तळ्याकाठच्या गावात घराघरांत एखादा बुयुंग असतोच, पण लग्न होईपर्यंत. लग्नाच्या दिवशी मामा भाच्याला पदवी देतो आणि मग सासूपासून कॉफीवाल्यापर्यंत सगळे त्याला पदवीनंच हाक मारतात. मी ज्याच्याविषयी लिहायला बसलो आहे, तो बुयुंग पंचेचाळिशीचा होता.

आमच्यात मुलीकडचे लोक मुलाला मागणी घालायला येतात. त्याच्यासाठी कुणी आलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. दिसायला बरा होता, कामाला वाघ होता. बोलायचा मात्र कमी. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, तसं काहीसं झालं असावं.

वयात आलेला मुलगा आईच्या घरी झोपत नाही; सुराउत, म्हणजे नमाजाच्या लाकडी घरात झोपतो. लग्न झालं की बायकोच्या घरी जातो. बुयुंग सुराउतच राहिला. त्याच्या शेजारच्या चटया बदलत गेल्या. एखादा लग्न करून जायचा, एखादा पोटामागे पादांग शहरात. याची चटई तिथंच.

आमचा फुटबॉल क्लब त्या सुराउतच सुरू झाला. आम्ही विशीच्या आतबाहेरचे, झुलबद्री कप्तान. खेळायचो तळ्याच्या उतारावर. चेंडू सारखा पाण्यात जायचा आणि बुयुंग पोहत जाऊन आणायचा. संघात तो नव्हता. दुसऱ्या गावांचे संघ आमच्याकडे यायला तयार नसत. म्हणायचे, तुमच्याकडे खेळायला यायचं की मासे धरायला? मैदान नसलं तर क्लब टिकणार नाही, हे आम्हाला कळत होतं.

गावात सपाट जागा एकच, बुयुंगच्या आईचं भाताचं शेत. आमच्यात शेत आईकडून मुलीकडे जातं. त्याला बहीण नव्हती म्हणून तो कसत होता. त्याच्यामागे ते कुळातल्या दुसऱ्या घराकडे जाणार होतं. झुलबद्रीनं एकदा दबकत विषय काढला. बुयुंग बराच वेळ चेंडूचा चिखल पुसत राहिला.

"देईन," तो म्हणाला. "पण कुळाच्या बैठकीत मला विचारा."

"आता हो म्हणालास ना? मग परत काय विचारायचं?"

"तसं नाही. सगळ्यांसमोर विचारा."

त्यानं कुणाकडे काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं. अडचण अशी, की बैठकीत पदवी असलेल्यालाच बोलता येतं. बैठकीत विषय निघाला तेव्हा कॉफीच्या दुकानाचा मालक मालिन कायो म्हणाला, बुयुंगला विचारायचं तर पाळण्यातल्यांनाही बोलवा, तेही बुयुंगच. सगळे हसले. बुयुंग बैठकीच्या घराच्या जिन्यापाशी बसला होता, तोही हसला.

कुळाचे प्रमुख दातुक बांदारो हसले नाहीत. "न विचारता शेत घेतलं तर ती चोरी," ते म्हणाले, "आणि बुयुंगला विचारलं तर ती थट्टा." मग त्यांनी तोड काढली. बुयुंगचा मामा वारल्यापासून मामाची 'सुतान पामुंचाक' ही पदवी कुणी घेतली नव्हती. ती लग्नावाचूनच बुयुंगला द्यायची. फक्त मेजवानी झाली पाहिजे.

बोकड त्यानंच आणला, त्यानंच सोलला, नारळाच्या दुधात शिजवलाही त्यानंच. नवरीवाचूनची अशी मेजवानी गावानं पाहिली नव्हती. बायका वाढताना एकमेकींकडे बघत होत्या. जेवणं झाल्यावर दातुकांनी त्याला जिन्यापासून उठवून मध्ये बसवलं.

"सुतान पामुंचाक, तुमचं शेत पोरांना द्यायचं का?"

त्याला कुणी 'तुम्ही' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "द्यावं," तो म्हणाला.

कापणीनंतर आम्ही बांध फोडले. त्याच्या हातातही कुदळ होती. त्या सालापासून तो दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीनं जाऊ लागला. सुरुवातीला आम्ही त्याला आठवणीनं सुतान म्हणायचो, थोडे ओशाळून, थोडे हसून. मग कामाच्या घाईत जुनंच नाव तोंडात यायला लागलं. त्यानं कुणाला टोकलं नाही. चटई सुराउतच राहिली.

पहिल्या सामन्याला तळ्यापलीकडचा संघ होडीनं आला. त्यांच्याबरोबर त्यांचे दातुक, म्हणजे कुळप्रमुख, होते. आईची जमीन खेळायला देणारा माणूस त्यांना पाहायचा होता. तो गोलच्या बांबूपाशी वाकून जाळीची गाठ मारत होता. दातुक त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले.

"सुतान पामुंचाक," त्यांनी अदबीनं हाक मारली.

तो गाठ मारत राहिला. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्यानं हाक मारली. आमचे सगळे तिकडे बघायला लागले. त्यानं मान वर केली नाही. आपल्याला कुणी हाक मारतंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

शेवटी झुलबद्री मैदानाच्या मधूनच ओरडला, "अरे बुयुंग, तुलाच बोलावतायत."

तो लगेच वळला.