सुदानी ब्लॉकचा सायरन

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, इथल्या, सौदीतल्या यान्बूच्या मित्रांना नाही. गावी गणपतीला जातो, आरतीला पुढे उभा राहतो, तेव्हा देवालाही नाही — त्याच्यासमोर तर मी हटकून दुसरंच काहीतरी बडबडत बसतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जाऊ दे.

मी चिपळूणकडचा, आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. आज सुपरवायझर आहे, पण तेव्हा दक्षिणेला, येमेनच्या सरहद्दीजवळच्या एका लष्करी छावणीत मेंटेनन्सला होतो. पलीकडच्या डोंगरात बंडखोर. लढाई सौदीची, पण पुढच्या चौक्यांवर बरेचसे सुदानी. मित्रदेशाचं सैन्य म्हणे. छावणीत मात्र त्यांना कुणी मित्रबित्र म्हणत नसे, नुसतं 'सुदानी' म्हणत. आम्हाला जसं नुसतं 'हिंदी'. काही आठवडे डोंगरावर काढून ते खाली विसाव्याला यायचे, आणि त्यांचा ब्लॉक कुठे? तर अगदी टोकाला, जनरेटरच्या मागे. तिथे कानाशी बोललेलं ऐकू यायचं नाही.

त्यांच्यातला एक इद्रिस. वयाने माझ्याएवढाच. सैन्यात जायच्या आधी त्याने जेद्दाला शराफिया भागात आपल्या भारतीयांच्या मसाल्याच्या दुकानात हमाली केली होती, त्यामुळे हिंदी बोलायचा — मोडकीतोडकी, पण माझ्या अरबीपेक्षा बरी! मला 'मुहंदिस' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. कसला डोंबलाचा इंजिनिअर? मी कितीदा सांगितलं, बाबा रे, मी साधा वायरमन. ऐकेल तर शपथ. त्यांच्याकडे गेलो की सुंठ घातलेली कडक कॉफी पुढे करायचा. एकदा हसत म्हणाला, "मुहंदिस, तू इधर लाइट का काम करने आया, मैं मरने का काम करने आया. दोनों का कफील एक." मीही हसलो. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो मालक.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुटे भाग वेळेवर येत नाहीत. मग इकडचं काढायचं, तिकडे लावायचं. आणि कुणाचं काढायचं? जो ओरडणार नाही त्याचं. हे कुणी शिकवत नाही, आपोआप कळतं. आणि सुदानी कधीच ओरडायचे नाहीत.

रमजानचे दिवस होते. अधिकाऱ्यांच्या केबिनचा एसी बंद पडला — कॉन्टॅक्टर जळला, म्हणजे मशीनला वीज जोडणारा तो डबीएवढा स्विच. नवा जेद्दाहून यायचा होता. आमचे इंजिनिअर कुलकर्णीसाहेब फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, काहीही कर पण एसी चालू कर, यल्ला, लवकर." काहीही कर. कुठून आण, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं — मी एकट्याने. सुदानी ब्लॉकच्या सायरनच्या पॅनेलमधून कॉन्टॅक्टर काढला आणि एसीला लावला. सायरन काय, रोज थोडाच वाजतो! उद्या नवा आला की बसवू. तो उद्या आला नाही, परवा आला नाही, आणि खरं सांगू? — मी विसरूनही गेलो.

मग एका दुपारी ड्रोन आलं. सगळीकडचे सायरन वाजले. आम्ही जीव घेऊन काँक्रीटच्या आसऱ्यात घुसलो. उपासाची दुपार, सुदानी ब्लॉकमध्ये सगळे आडवे झालेले, आणि दारात पहाऱ्याला इद्रिस. सायरन झाला की सगळ्यांना उठवून आसऱ्यात न्यायचं, एवढंच त्याचं काम. जनरेटरच्या घरघरीत बाकीचे सायरन त्याला ऐकू जाणार नव्हते. त्याच्या डोक्यावरचा भोंगा मुकाच होता.

ड्रोन सुदानी ब्लॉकवरच पडलं, चार जण गेले. त्यात इद्रिसचा मामेभाऊ हारून होता.

धूर खाली बसायच्या आत मला आठवलं. आणि तेव्हा मी काय केलं माहितीय? लोक जखमींना उचलायला धावले, मी स्वयंपाकघराकडे धावलो. तिथल्या धूर ओढायच्या पंख्याचा कॉन्टॅक्टर काढला आणि सायरनच्या पॅनेलमध्ये बसवला. पॅनेल ब्लॉकच्या मागच्या भिंतीला होतं, शाबूत. पलीकडून रडणं ऐकू येत होतं आणि मी स्क्रू आवळत होतो. बघा म्हणजे — पंख्याचा काढता आला असता ना? पहिल्याच दिवशी? आचारी ओरडला असता, दुसरं काही झालं नसतं.

चौकशीत सायरन वाजवून बघितला. खणखणीत वाजला. मला विचारलं, त्या दुपारीही चालू होता? मी हो म्हणालो. बरं, तिथे तरी थांबावं! कुणी काही विचारायच्या आतच मी पुढे म्हणालो, रोजा होता, उन्हाचा डोळा लागला असेल, या सुदान्यांची झोप फार गाढ. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते सगळ्यांना आधीपासूनच वाटत होतं, म्हणून तर मी बोललो. पहारेकरी झोपला आणि माणसं मेली, असं ठरलं. इद्रिसला परत पाठवायचं ठरलं, तो शिक्का घेऊन — त्याच गावात, जिथे हारूनची आई होती.

तुम्ही म्हणाल, मी घाबरलो असेन. घाबरलो होतोच. तुरुंगाला, इकामा — इथे राहायचा परवाना — जाण्याला, सगळ्यालाच. पण घाबरलेला माणूस गप्प बसतो हो. मी तर वर त्याच्या जातकुळीवर बोललो.

तो गेला त्या सकाळी मी मुद्दाम स्टोअरमध्ये लपलो होतो. तरी शोधत आला. मला वाटलं, आता हा गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं, खरंच. पण त्याने माझा हात हातात घेतला. डोळे सुजलेले. खालच्या आवाजात म्हणाला, "मुझे लगता है मैं जागा था. तसबीह हाथ में थी, दाने गिन रहा था. लेकिन सब बोलते हैं बजा. तू बता भाई — तू झूठ नहीं बोलेगा. बजा था?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, चौकशी संपली होती. त्याच्या हातून माझं काही बिघडणार नव्हतं. त्याचं जाणं टळणार नव्हतं. फक्त त्याला एक गोष्ट स्वतःपुरती कळली असती.

मी म्हणालो, "हाँ भाई. बजा था."

तो म्हणाला, "तो फिर मैं ही सो गया." माझा हात सोडला, आणि जाऊन गाडीत बसला.

तो झोपला नव्हता.