येसरकाकूंचं एक बोट

येसरकाकू माणसाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या बॅगेकडे. मुक्कामाच्या डोंगरवारीला निघायच्या सकाळी स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आम्ही सगळे सोबती बॅगा ओळीनं ठेवायचो आणि काकू एकेक बॅग एका बोटानं उचलून पाहायच्या. उचलली गेली तर ठीक. नाही गेली, तर सगळ्यांदेखत तिथेच रिकामी करायला लावायच्या. पुरुषांचीही सुटका नसे.

माझी पहिल्याच वेळी रिकामी झाली. मी तीन कप्प्यांचा डबा, ताट, दोन वाट्या आणि तांब्या असा लग्नाच्या पंगतीला पुरेल इतका सरंजाम घेतला होता, सगळा स्टीलचा. "आपण स्टीलच्या गावचे ना काकू," असं वर ऐकवलंही. त्यांनी तांब्या हातात घेऊन मला दाखवला.

"आपल्या प्लांटात रूळ बनते बाई, तांबे नाही. हे कावून वाहून राहिली तू?"

मला राग आला. त्यांनी स्वतःची बॅग उघडून दाखवली, तेव्हा तो निम्मा उतरला. ॲल्युमिनियमचा एक छोटा गंज, म्हणजे पातेलं, त्यावर झाकण, आत चमचा. गंजात शिजवायचं, त्यातच खायचं, झाकण उलटं केलं की ताट. त्यांचा नियम एकच होता आणि तो भंडाऱ्याच्या ठसक्यात येई, "ज्याचं त्यानं वाहावं. जेवढं वाहता येते, तेवढंच खावं."

नाव पडलं ते येसरामुळे. भाजलेल्या धान्यांचं मसाला घालून दळलेलं ते पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार, आणि पाठीवर म्हणाल तर पुडीएवढं ओझं. सोबत भाजलेले पोहे, सातूचं पीठ, गूळ आणि वाळवलेला कांदा. कांदा त्या गच्चीवर जुन्या साडीखाली वाळवत, कारण उघडा ठेवला तर प्लांटची धूळ बसे. प्रत्येक नवा प्रयोग आधी काकांवर होई. एकदा वाळवलेलं वांगं भिजून इतकं चिवट झालं की काकांनी ते मुकाट्यानं चघळलं आणि संध्याकाळी हुडको वसाहतीच्या बाजारात जाऊन समोसे खाल्ले. ते आम्हाला त्यांनीच सांगितलं.

आमच्यातली रश्मी एकदा कागदी पेल्यातल्या शेवया घेऊन आली. "काकू, ये तो बिलकुल हलका है," म्हणाली. काकूंनी पेला कानाशी हलवला. "हलका हाय, पण अर्धी हवाच हाय. हवा वर भेटते, इथून कायले नेतं?" शेवया पिशवीत बांधल्या गेल्या आणि पेला घरी राहिला.

मग काका रिटायर व्हायला आले. क्वार्टर सोडून दोघं भंडाऱ्याला जाणार होते, म्हणजे त्या हिवाळ्यातली कवर्ध्याकडच्या डोंगरांची वारी काकूंची आमच्यासोबतची शेवटची. नेमका तेव्हाच काकूंचा गुडघा बिघडला. हळूहळू चढा, पण पाठीवर वजन घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मी म्हटलं, काकू, तुमचं आम्ही वाटून घेतो. त्यात काय एवढं?

"माह्या तोंडचा घास तुमच्या पाठीवर? नाही जमत मले. तुम्ही जाऊन या." आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या.

मला फार वाईट वाटलं. ज्यांनी आम्हाला डोंगरावर जेवायला शिकवलं, त्या आपल्याच नियमापायी खाली राहणार होत्या. त्या संध्याकाळी मी सगळ्यांकडे जाऊन आले.

निघायच्या सकाळी बॅगा तपासायला काकू व्हरांड्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पायात बूट होते आणि गळ्यात बटव्याएवढी कापडी पिशवी. तीत मूठभर सातू, गुळाचा खडा आणि चमचा. गंजसुद्धा नव्हता.

"एवढंच झेपते मले. एवढ्यातच भागवीन," त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

रश्मीची बॅग बोटावर आली आणि थोडी रेंगाळली. पुढचीही तशीच. माझी त्यांनी उचलली आणि तशीच धरून ठेवली. प्रत्येकाच्या बॅगेत, त्या आल्याच तर असू दे म्हणून, काकूंच्या वाट्याचं मूठमूठ येसर, पोहे, कांदा होता. तेवढा फरक त्या बोटाला कळणार नाही, असं मला वाटलं होतं.

"जड झाली थोडी," त्या म्हणाल्या.

"थोडीच, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॅग खाली ठेवली आणि पुढच्या बॅगेकडे वळल्या. त्या दिवशी एकही बॅग उघडली गेली नाही.

संध्याकाळी वर पोहोचल्यावर मी माझ्या गंजात येसर शिजवलं. काकू सातूची पिशवी सोडायला लागल्या, तेव्हा मी झाकण उलटं करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पिशवीची गाठ परत मारली आणि आपला चमचा काढला.

"पातळ झालं तुहं येसर," पहिल्या घासाला त्या म्हणाल्या, आणि झाकण पुसून खाल्लं.

त्या आता भंडाऱ्याला असतात. मी अजूनही निघण्याआधी बॅग एका बोटानं उचलून पाहते. ती जरा जडच लागते. त्यात दुसऱ्या कुणासाठीचं मूठभर येसर असतं, ते काढवत नाही.