आधी माझ्या फोनवर

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही सल्ला स्वतः पारखल्याशिवाय घराच्या उंबऱ्याआत येऊ दिलेला नाही. जळगावच्या एका शाळेत त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेची प्रयोगशाळा शाळेतच राहिली, पण तिची शिस्त त्या घरी घेऊन आल्या. भरताची वांगी घ्यायची तर प्रत्येक वांगं तळहातावर तोलून, कानाजवळ नेऊन. कानाजवळ का, हे मी लग्न झाल्यापासून विचारत आले आहे आणि "तुला नाही ऐकू यायचं" एवढंच उत्तर मिळत आलं आहे. गादी घ्यायला गेल्या तेव्हा दुकानातच आडव्या झाल्या आणि खरोखर झोपल्या. दुकानदार घाबरून आमच्या भाऊंना, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांना, म्हणाला, "साहेब, उठवा ना यांना." भाऊ म्हणाले, "उठवलं तर परत पहिल्यापासून झोपतील." त्यांच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाचा पगार विचारला नाही, पत्रिका पाहिली नाही. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जळगावहून भुसावळला जाऊन आल्या. "ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तरी याला राग येत नाही," असा निकाल देऊन त्यांनी लग्न ठरवलं. जावई अजूनही तसाच शांत आहे.

मी चोपड्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. आमची तनू दहावी झाली आणि अकरावी-बारावीसाठी जळगावला या जाऊबाईंकडे राहायला गेली. ती त्यांना मोठी आई म्हणते. महिना दोन महिने बरे गेले. मग तनूच्या क्लासमधल्या एका मुलीच्या नावानं कोणीतरी खोटं खातं काढलं, तिचे फोटो भलत्याच चित्रांना जोडून पसरवले, आणि ती मुलगी क्लास सोडून घरी बसली. मला ते कळलं. मी लगेच जाऊबाईंना फोन लावला.

"अक्का, मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायची ॲप्स असतात ना, त्यातलं एक तनूच्या फोनमध्ये टाका. तिला कळू देऊ नका."

"कळू न देता म्हणजे चोरून?"

"तिच्या भल्यासाठीच ना!"

"भल्याचं असेल तर आधी माझ्या फोनवर टाकते," जाऊबाई म्हणाल्या. "बघू या, कसं वाटतं ते."

त्या दिवसापासून त्यांच्या घरात जो प्रयोग सुरू झाला तो जवळजवळ दोन महिने चालला. एकेक ॲप त्या स्वतःच्या फोनमध्ये घालायच्या. पाल्य त्या स्वतः, आणि पालक म्हणून कधी भाऊ, कधी मी, एकदा तर तनूच. सोळा वर्षांच्या पोरीला साठीच्या बाईचं पालकत्व मिळाल्यावर तिनं पहिल्याच दिवशी मोठ्या आईचा व्हिडिओ बघण्याचा वेळ अर्ध्या तासावर आणला. दुपारी मालिकेत सुनेच्या कानशिलात बसणार तेवढ्यात पडदा काळा झाला. जाऊबाई चिडल्या नाहीत. तनू घरी आल्यावर त्यांनी तिला एवढंच विचारलं, "अर्धा तास का? विचारून ठरवलं असतंस तर मी पाऊण सांगितला असता." तनू म्हणाली, "मोठी आई, मलाही कोणी विचारत नाही." जाऊबाईंनी हे ऐकून घेतलं आणि प्रयोगाच्या वहीत त्या ॲपपुढे काहीतरी लिहिलं.

कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप होतं. भाऊ सकाळी पोहे खात बसले होते, जाऊबाई त्यांच्या ताटलीत शेव घालत होत्या, आणि भाऊंच्या फोनवर सूचना आली की तुमची व्यक्ती सुरक्षित क्षेत्राबाहेर गेली आहे. नकाशावर जाऊबाईंचा ठिपका थेट मेहरूण तलावाच्या मधोमध. भाऊंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा समोर पाहिलं, आणि तरीही हातातला चमचा खाली ठेवून "तू बरी आहेस ना?" असं घाबरून विचारलं. "समोर उभी असताना हे असं, तर पोर खरंच उशिरा आली तर तुमचं काय होईल," असं म्हणून जाऊबाईंनी ते ॲप त्याच ताटलीपाशी बाद केलं.

दुसऱ्या एका ॲपची जाहिरात होती की कोणी धमकी दिली किंवा वाईट बोललं तर ते आपोआप ओळखतं. जाऊबाईंनी शिंदखेड्याच्या आपल्या भावाला फोन केला आणि म्हणाल्या, "नाना, मला चांगल्या कडक धमक्या पाठव." नाना त्या घडीची लहानपणापासून वाट पाहत असावेत. "घर ये, तंगडं तोडसु." "तुना मोबाईल फोडी टाकसु." "तुले पाही लेसु, ध्यानमा ठेव." असे धडाधड आठ-दहा निरोप आले. ॲपनं प्रत्येकापुढे सगळं ठीक असल्याची हिरवी खूण केली. जाऊबाई फोनवर नानांना म्हणाल्या, "याले अहिराणी येस नही रे. याले बठ्ठं गोडच वाटस!" शेवटी नानांनी साधंच विचारलं, की पोरांसाठी दिवाळीचे सुतळी बॉम्ब आणून ठेवू का, आणि ॲपनं लाल दिवा लावून पालक या नात्यानं मला शाळेत भर तासाला धोक्याची सूचना पाठवली.

पण या सगळ्या हसण्यावारी नेण्याच्या गोष्टी. आणखी एक ॲप त्यांनी फार गंभीरपणे नाकारलं. त्यांना डॉक्टरांनी छातीची तपासणी घरच्या घरी कशी करायची ते वाचायला सांगितलं होतं. ॲपनं ते पान अश्लील ठरवून उघडूच दिलं नाही. जाऊबाई मला म्हणाल्या, "पोरीला स्वतःच्या शरीराचं काही विचारायचं असेल आणि हे तिच्या तोंडावर दार लावणार असेल, तर ती कुठे जाऊन विचारेल, सांग."

मला स्वतःला मात्र शेवटचं ॲप हवं होतं. ते फोनमध्ये दिसतच नव्हतं. सगळे निरोप गुपचूप वाचून पालकाला पाठवायचं. मी हट्ट धरला. जाऊबाई म्हणाल्या, "ठीक आहे, आठ दिवस माझ्यावर चालव." त्यांच्या फोनवरचं सगळं माझ्याकडे येऊ लागलं. पहिले तीन दिवस दूधवाला, गॅस, भजनी मंडळ. चौथ्या दिवशी त्यांनी पाचोऱ्याच्या आपल्या बहिणीला लिहिलेला निरोप आला. "धाकटी जाऊ रोज फोन करते, पण तो तनूसाठी. माझी चौकशी फोन ठेवताना. गुडघा इतका सुजला होता, तिला माहीतही नाही."

मी तो निरोप कितीदा तरी वाचला. वाईट वाटलं, राग आला, लाज वाटली. त्यांच्याशी बोलावं तर कोणत्या तोंडानं? दोन दिवस मी फोनच केला नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि आवाजात शक्य तितका गोडवा आणून म्हणाले, "अक्का, गुडघा कसा आहे तुमचा?"

जाऊबाई म्हणाल्या, "वाचलंस वाटतं."

"हो, वाचलं," मी म्हणाले.

"अगं, मी विसरूनच गेले होते. चार दिवसांत माणूस विसरतो की कोणी बघतंय. रागावू नकोस. पण एक सांगू? आता मी बहिणीला लिहायला घेतलं की तूच दिसशील. मी तिला फोन करेन, पण लिहिणार नाही. तनूही असंच काहीतरी शोधेल. आणि तुला कळलं तरी तिला विचारता येणार नाही, जसं दोन दिवस तुला मला विचारता आलं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी विषय बदलून मला गुडघ्याबद्दल पुरतं अर्धा तास सांगितलं, सुजेच्या सेंटिमीटरसकट.

शेवटी त्यांनी एक अगदी साधं ॲप निवडलं. अभ्यासाच्या वेळी काही गोष्टी बंद, नवीन काही घ्यायचं तर घरात विचारायचं, बस्स. तनूला शेजारी बसवून, तिच्याच हातानं घातलं. तेच त्यांनी आपल्याही फोनवर ठेवलं आणि दोघींनी एकमेकींच्या वेळा ठरवल्या. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. मी तोंडानं म्हटलं नाही, पण मनातून धसका गेला नव्हता.

बारावीच्या वर्षात ज्याची भीती होती ते झालंच. शंका सोडवायच्या एका ग्रुपवर नाशिकचा म्हणवणारा एक मुलगा तनूशी चांगलं बोलायचा, गणितं समजावायचा. एक दिवस त्यानं फोटो मागितला. हिनं सहलीतला साधा फोटो पाठवला. आठवड्यानं तोच चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर लावून परत आला. आणखी फोटो दे, नाहीतर हा तुझ्या क्लासमध्ये जाईल. ॲपला यातलं काहीच समजलं नाही.

दुपारची वेळ होती. जाऊबाई कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होत्या. तनू स्वयंपाकघरात आली, त्यांच्यासमोर फोन धरला आणि म्हणाली, "मोठी आई, माझं चुकलं."

जाऊबाईंनी हात धुतले, चष्मा लावला, सगळं वाचलं. म्हणाल्या, "चूक त्याची आहे. तू फक्त फोटो पाठवलास, तो सहलीचा होता. आता काहीही पुसू नकोस, उत्तर देऊ नकोस." मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी प्रत्येक निरोप वेळेसह साठवून घेतला, त्या खात्याची तक्रार केली, त्याला ब्लॉक केलं, पोरीला दोन घास खायला लावले आणि इस्त्रीची साडी नेसून तिला घेऊन सायबर पोलिसांकडे गेल्या. तिथल्या पोलीस बाईंनी विचारलं, "तुम्ही आई का?" "मोठी आई," जाऊबाई म्हणाल्या, "पण तक्रार ती सांगेल. मी शेजारी बसते." पुढे तपासात कळलं, तो मुलगा कसला, दुसऱ्याच जिल्ह्यातला तिशीतला माणूस निघाला. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि तो फोटो क्लासपर्यंत पोचलाच नाही.

घडला प्रकार मला मात्र तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. मी ओरडलेच, "अक्का, काल का नाही सांगितलं? मी तिची आई आहे!"

"मी तिला विचारलं होतं, आईला सांगू का म्हणून," जाऊबाई म्हणाल्या. "ती म्हणाली, उद्या सांग, आज ऐकलं तर आईला झोप लागणार नाही. आत्ता तिनं हो म्हटलं, म्हणून फोन केला."

मी शाळेत रजा टाकली, मिळेल त्या एसटीनं जळगाव गाठलं. रस्ताभर मला दोनच गोष्टी वाटत होत्या. माझी मुलगी वाचली, आणि ती माझ्याकडे आली नव्हती. दारात तनूनं मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला जाऊबाई दिसत होत्या. त्या तिथे थांबल्या नाहीत, दुखरा गुडघा सांभाळत हळूहळू आत निघून गेल्या.

तनू आता पुण्याला शिकते. काही झालं की आधी जाऊबाईंना फोन करते, हे मला माहीत आहे. मी कधी विचारते, "अक्का, काय म्हणत होती?" त्या कधी सांगतात. कधी म्हणतात, "बरी आहे. बाकीचं तिला वाटेल तेव्हा ती तुला सांगेल." मी "बरं" म्हणते आणि फोन जवळ घेऊन बसते. बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत तिचा फोन येतो.