उसना कोट

येसू गेल्याचं मला गाडीवानाकडून कळलं. सिद्धगडाच्या बाजूने सागाचे ओंडके घेऊन आलेली बैलगाडी वखारीत उभी राहिली. गाडीवानाने बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, बिडी पेटवली आणि मग म्हणाला, "मुरबाडचे येसूगुरुजी गेले बरं का. सोमवारी." मी पावती लिहीत होतो. मान वर न करता मी विचारलं, "कोण येसूगुरुजी?" असं का विचारलं, देव जाणे. या दोन तालुक्यांत त्या नावाचा दुसरा गुरुजी नाही, आणि असता तरी मला दोघांमधला फरक कळला असता. गाडीवान माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तेच, कोटवाले." मग न ओळखण्याची सोय राहिली नाही. पावतीवर मी ओंडक्यांचा आकडा चुकीचा लिहिला आणि मालकांची बोलणी खाल्ली.

याला आता पाच आठवडे झाले. तुम्ही त्यांचे लहानपणचे मित्र, पुरवणीसाठी चार शब्द लिहा, असं इथल्या साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र आलं. लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. येसूवर लिहायचं तर त्याच्या कोटावर लिहावं लागतं, आणि कोटावर लिहायचं तर माझ्यावर. तेव्हा आधीच सांगून मोकळा होतो. सात वर्षांपूर्वी, बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत, येसूला त्या कोटापायी पकडून नेलं. ज्या संध्याकाळसाठी नेलं त्या संध्याकाळी कोट त्याच्या अंगात नव्हता, माझ्या अंगात होता. माझे मामा सोडले तर हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. येसूला ते सांगायची गरज नव्हती, त्याला ठाऊकच होतं; पण त्याच्यापाशीही मी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

आम्ही दोघे खर्डीजवळच्या एकाच गावचे. दोघांच्याही घरी भातशेती, दोघेही फायनल पास. तो गावच्या शाळेत मास्तर झाला, मी शहापूरला लाकडाच्या वखारीत कारकून. मास्तरला कोट हवा, असं तेव्हा सगळेच मानत. बाजारात तयार कोट स्वस्तात मिळत, पण येसूने ते घेतले नाहीत. दीड वर्ष त्याने पगारातून पैसे बाजूला टाकले आणि एका रविवारी मला घेऊन कल्याणला एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेला. दुकानात टांगलेला एकेक कोट काढून तो उलटा करून बघायला लागला. मला लाज वाटायला लागली. म्हटलं, "अरे, बाहेरून बघ की. लोक काय आतून बघणार हायत?" तो म्हणाला, "बाहेरून सगळेच चांगलं शिवतात रे दामू. आत कोणी बघत नाय म्हणून तिथंच चोरी करतात." मग त्याने कापडाच्या ठाणाच्या कडेचा एक धागा ओढला, काडी ओढून पेटवला आणि हुंगला. केस जळल्यासारखा वास आला तेव्हा त्याचं समाधान झालं. लोकर खरी होती. शेवटी त्याने शिंप्याला विचारलं, "माया किती ठेवाल?" शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. पुढेमागे अंगाने भरलात तर टाके उसवून कपडा वाढवता येतो, तो तिच्या जोरावर. तयार कपड्यात माया नसतेच. असली तर बोटाच्या पेरापेक्षा कमी. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "हे विचारणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं. दीड बोट ठेवतो."

त्या कोटाच्या पैशात चार तयार कोट आले असते. चारांपैकी एक मी त्याच दिवशी शेजारच्या दुकानातून घेतला, येसूला वेड्यात काढत. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या कोटाचं पोतेरं झालं. येसूचा कोट गडद हिरवा, गुडघ्याला टेकणारा, शिंगाच्या पाच गुंड्यांचा. घरी आल्यावर त्याचे वडील म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." येसू म्हणाला, "आबा, अंथरूण नाय म्हणून तर कोट घेतला. दिवसा अंगात, रात्री अंगावर." आबा हसले नाहीत, पण त्या थंडीत एकदा तेच तो कोट पांघरून निजलेले मी पाहिले.

पुढे तो कोट एकट्या येसूचा राहिला नाही. गावात कोणाला मुलगी बघायला जायचं असलं, कचेरीत तारीख असली, फोटो काढायचा असला, की तो येसूच्या ओट्यावर येऊन उगाच पावसापाण्याचं बोलत बसायचा. येसूच उठून कोट आणायचा. आडव्या अंगाचा माणूस असला तर टाके उसवून माया सोडायचा, कोट परत आला की पुन्हा टाके घालायचा. सुईचं काम तो असंच शिकला. त्याची अट एकच होती, घाम आला तर कोट उन्हात टाकायचा नाही, वाऱ्यावर टाकायचा. खर्डीपासून वाशिंदपर्यंतच्या मुलींच्या बापांना आमच्या गावची मुलं ओळखू येत नसत, कोट ओळखू येई. एक सासरा म्हणाल्याचं सांगतात, "कोट तिसऱ्यांदा आला, पोरगा मात्र दर टायमाला नवा." यात थट्टेचा भाग सोडा, पण त्या कोटाने किती जणांना उसनं अवसान दिलं ते मी पाहिलं आहे. खांदे सरळ व्हायचे, आवाज बदलायचा. चांगल्या कपड्याला जास्त पैसे का मोजावेत, हे येसूने आम्हाला शाळेत न शिकवता शिकवलं.

माझी पाळी आली ती चळवळीच्या वर्षी. मुलगी वाशिंदजवळच्या गावातली. मी येसूकडून कोट आणला आणि रविवारी मामांबरोबर गेलो. पोहे झाले, मुलगी आली, मान खाली घालून बसली आणि गेली. मामा मुक्कामाला राहिले. मला सोमवारी सकाळी वखार गाठायची होती, गाडी चुकली, म्हणून मी दिवस कलताना लाइनीच्या कडेने शहापूरकडे चालत निघालो. वाटेत एक गँगमन भेटला. त्याने रामराम केला, मी केला. कोट अंगात असल्याने मी जरा ऐटीतच केला असणार. रात्री त्याच पट्ट्यातल्या तारायंत्राच्या तारा कोणीतरी तोडल्या.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सोमवारी वखारीतलं काम उरकून मी गावी गेलो आणि कोट परत केला. येसूने विचारलं, "पोरगी कशी हाय?" मी म्हटलं, "बरी हाय." तो म्हणाला, "आन कोट आवडला का त्यांना?" आम्ही दोघेही हसलो. त्यानंतर आम्ही दोघे मिळून कधी हसलो असं मला आठवत नाही.

बुधवारी पोलीस गावात आले. गँगमनने माणसाचं तोंड नीट पाहिलं नव्हतं, पण हिरवा लांब कोट आणि शिंगाच्या गुंड्या त्याने बरोबर सांगितल्या होत्या. माझा तो चौथाईच्या किमतीचा कोट असता तर तसे पन्नास निघाले असते. असा कोट कोणाचा, म्हणून गावात विचारलं आणि सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, येसूगुरुजींचा. कोट महिन्यातून चार दिवस दुसऱ्याच कोणाच्या अंगात असतो, हे एकानेही सांगितलं नाही. ज्यांची लग्नं त्या कोटात ठरली होती तेही गप्प बसले. पुढचं मला आबांनी सांगितलं. शाळा भरलेली होती. "हा कोट तुमचा?" असं विचारल्यावर येसू म्हणाला, "माझाच." "रविवारी कोणाकडे होता?" तर म्हणाला, "कोट माझा हाय, माझ्याकडंच असतो." मुलांना त्याने पाढे म्हणत बसायला सांगितलं आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

त्या संध्याकाळी मी मामांकडे गेलो. मामा म्हणाले, "गप ऱ्हा. पोरीच्या बापाच्या कानावर गेलं तं सुपारी फुटायची नाय. आन गुरुजीनं केलंय काय? सोडतील दोन दिसांत." मला ते पटलं. पटायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी सुपारीसाठी गप्प बसलो, मुलीच्या अब्रूसाठी गप्प बसलो. तसं काही नव्हतं. मला माराची भीती वाटत होती... दोन दिवसांचे अडीच महिने झाले. त्याच्यावर काही शाबीत झालं नाही, पण तोवर शाळेत दुसरा मास्तर आला होता. चळवळीतला म्हणून नाव लागलेल्या माणसाला पुन्हा घ्यायला कोणी तयार झालं नाही. मुलगी द्यायलाही कोणी तयार झालं नाही. अर्ध्या गावाची लग्नं ज्याच्या कोटाने जुळवली तो जन्मभर एकटा राहिला.

माझं लग्न त्या वैशाखात झालं. येसू आला होता, धुवट सदऱ्यात. कोट अजून मुद्देमाल म्हणून पोलिसांकडेच होता. तो पंगतीत बसला तेव्हा त्याच्या पानात वाढायला मी माझ्या भावाला पाठवलं. त्यानंतर तो मुरबाडला गेला आणि एका दुकानाच्या ओसरीवर शिवणाचं मशीन घेऊन बसला. कंट्रोलचे दिवस होते. रेशनवर मिळायचं ते कापड असं विरळ, की अंगात घातलं तरी उघडं वाटावं. लोक बापाआजाचे जुने सदरे, बंड्या घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो विरलेल्या कॉलरी उलटवून, चांगली बाजू वर आणून द्यायचा. म्हणायचा, "जुनं चांगलं होतं म्हणून उलटवता येतं. आत्ताचं उलटवलं तं दोनी बाजूंनी सारखंच वाईट." मी एकदाच तिथे गेलो, बायकोला, द्वारकाला, घेऊन; तिला तिच्या मावशीकडे सोडायचं होतं, वाट त्याच्या दारावरून होती, टाळता आली नाही. कोट त्याला परत मिळाला होता, भिंतीशी खुंटीवर होता. दोन गुंड्या वेगळ्या होत्या. मला तिथे बसवेना. पान आणतो म्हणून मी उठलो आणि बाजारात अर्धा तास फिरलो.

यंदा तो हिवतापाने आजारी आहे हे मला कळलं होतं. जाऊ, जाऊ म्हणता राहिलं. चांगल्या माणसाबद्दल लिहिताना लोक म्हणतात, त्याने कोणाला दुखवलं नाही. येसूने मला दुखवलं असतं तर बरं झालं असतं. एकदा तरी म्हणाला असता, दाम्या, तू भेकड निघालास. त्यानंतर मी त्याच्या शेजारी मान वर करून बसू शकलो असतो. कोट तेवढा मुरबाडला आहे, अजून धड. ज्याच्या ओसरीवर तो बसायचा तो दुकानदार वखारीत आला तेव्हा सांगत होता, दिवसकार्य झाल्यावर आठवड्यातच कोणीतरी तो मागायला आलं, मुलगी बघायला जायचं म्हणून, आणि त्याने दिला.

इथवर लिहून झालं आणि मी ते द्वारकाला वाचून दाखवलं. छापून आल्यावर लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. ती तांदूळ निवडत होती. वाचून संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"कोट. मला बघायला आलात तवा तुमच्या अंगात होता. मुरबाडला खुंटीला बघितला आन ओळखला. तुमी पान आणाया गेलात ना, तवा मी गुरुजींना विचारलं. आधी नाय नाय म्हणाले. मग सांगितलं सगळं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं मला का नाही बोललीस?"

"त्यांनी नको म्हटलं. म्हणाले, वहिनी, तुमी यातलं काय काढू नका, तो आपणहून बोलंल... दर भाऊबीजेला मुरबाडवरनं यायचे. मी ओवाळायची, तुमी दोघं ओटीवर बसायचे. चा संपला तरी ते बसून ऱ्हायचे, मान वळवून, उजवा कान तुमच्याकडं करून. डाव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाय. चौकीतनं सुटून आले तवापासनं."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो रागाने तोंड फिरवून बसतो. मी भाताचं बोलायचो, लाकडाच्या भावाचं बोलायचो, मग काही सुचेनासं झालं की गप्प बसायचो. तोही गप्प बसायचा. बऱ्याच वेळाने, येतो रे, म्हणून उठायचा, आणि तो वळणापलीकडे दिसेनासा झाला की मला बरं वाटायचं.