तीनशे एक्केचाळीस नंबरची जीप

दामूचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन पडलं तेव्हा जीपचं इंजिन चालूच होतं. पाण्याचा टँकर मागच्या बाजूने त्याच्या दारात घुसला होता आणि आमचा हॉर्न थांबत नव्हता. सकाळचे अकरा वाजले होते. बेव्हर्ली पार्कच्या बाजूने आम्ही मीरा रोड स्टेशनकडे चाललो होतो. उजव्या हाताच्या एका सोसायटीच्या गेटातून तो टँकर मागे न बघता उलटा, जोरात रस्त्यावर आला. मी म्हणाले, "दामू, इंजिन बंद कर." मला तेवढंच सुचलं. टँकर पुढे सरकला, दाराचा पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला, आणि तो वळून निघून गेला. त्याच्या मागच्या नंबरच्या पाटीवर चिखल होता. शेवटचे दोन आकडे तेवढे उघडे होते, सात आणि दोन. मग मीच हात घालून किल्ली फिरवली.

लोक धावत आले. दोघांनी दामूला उचलून रिक्षात घातलं, एका बाईने माझी चप्पल शोधून आणली. एक माणूस मात्र जीपच्या पुढे उभा राहून तळहातावर पेनाने आमच्या गाडीचा नंबर लिहीत होता. मला वाटलं, पोलिसांना द्यायला असेल. पुढे कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं की त्याने तो आकडा मटक्याला लावला. लागला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत माझा भाऊ गेलेला होता. टँकरचा नंबर कुणीच लिहून घेतला नव्हता.

याला दीड महिना झाला. भेटायला जो येतो तो अर्धा चहा पितो आणि मग म्हणतो, तीन आणि चार सात, सात आणि एक आठ. आठ म्हणजे शनी. दामूने नंबर बघून घ्यायला हवा होता. मी चौथी शिकलेली आहे, एवढी बेरीज मलाही येते. दामूने तो नंबर बघूनच घेतला होता, ते कसं ते मी इथे लिहिते. दर माणसाला वेगळं सांगून मला कंटाळा आला आहे.

आमच्या वडिलांचं मिठागरापलीकडे भाताचं खाचर होतं. त्याचा सर्व्हे नंबर तीनशे एक्केचाळीस. आम्ही त्याला तेवढंच म्हणायचो. "तीनशे एक्केचाळीसमध्ये पाणी भरलं का बघून ये," असं वडील म्हणायचे आणि दामू अनवाणी पळत सुटायचा. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि हट्टी. बांध फुटला तर दुसरा माणूस येईपर्यंत भोकात स्वतः बसून राहायचा. एकदा असा दोन तास बसला आणि आठ दिवस तापाने फणफणला. मी ओरडले तर म्हणाला, "बांध ऱ्हायला ना?" पुढे मोठा झाल्यावर, लग्न झाल्यावरही त्याची बोलायची तऱ्हा तीच होती. मी लग्नानंतर गाव सोडलं, नंतर भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहायला आले, पण लावणीला दरवर्षी खाचरात असायचे.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्या सुमारास बिल्डरने आमच्या बाजूची सगळी खाचरं घेतली. दामू एक कागद घेऊन माझ्याकडे आला. हक्कसोड. जमीन विकताना बहिणींनी आपला हक्क सोडल्याची सही द्यायची असते.

"सही कर, बाय," तो म्हणाला. "सगल्या भैनी करतात."

"सगळ्या करतात म्हणून मी करू?"

त्याने कागद पुढे सरकवला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी सही केली. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न पिता निघून गेला. त्यानंतर वर्षभर तो माझ्या घरी आला नाही. भाऊबीजेलाही नाही. मीही गेले नाही. मला राग आला होता, आणि तो खरा होता.

मग एक दिवस दारात उभा. "ठान्याला चल, आरटीओत. जीप घेतोय. तुझ्या नावावर."

"माझ्या नावावर? मला गाडी चालवता येते का?"

"जमीन तरी कं तुला नांगरता येत व्हती?"

"लावणी कोण करायचं रे?"

"म्हनून तं तुझ्या नावावर," तो म्हणाला. तेवढंच. माफी मागणं त्याला जमत नव्हतं, आणि मला ते ऐकणं जमलं नसतं.

ठाण्याला खिडकीवरच्या माणसाने पसंतीच्या नंबरचा अर्ज दोनदा वाचला. "काका, लोक आठ बेरीज टाळायला पैसे भरतात. तुम्ही आठ घ्यायला भरताय? पावती फाडायच्या आधी विचार करा."

दामू म्हणाला, "साहेब, माज्या बापाच्या खाचराचा नंबर हाय. त्याची बेरीज आमी कदी केली न्हाय. भात पिकायचा."

त्या खाचरावर आता चौदा मजली इमारत आहे आणि तिचं नाव इंग्रजी आहे. तिथल्या कुणालाही तीनशे एक्केचाळीस म्हणजे काय ते माहीत नाही. तो नंबर आमच्या जीपवर राहिला, मोठ्या काळ्या आकड्यांत, एमएच शून्य चारच्या शेजारी. गावात एकाने सगळे नऊ घेतले होते, एकाने सगळे एक. त्या सगळे नऊवाल्याने दामूला सांगितलं, "दामूशेठ, ती आठाची गाडी माझ्या गेटासमोर लावू नका." दामूने पुढचे पंधरा दिवस ती तिथेच लावली. रोज सकाळी ओल्या फडक्याने नंबर पुसायचा, तोही त्याच्या गेटासमोर उभा राहून.

पुढची डावी सीट माझी असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याची बायको कुंदा मागे बसायची आणि त्याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. बाजार, दवाखाना, लग्नं, दामू मला न्यायला यायचाच. ब्रेक मारला की त्याचा डावा हात माझ्यापुढे आडवा यायचा, लहान पोराला अडवावं तसा. मला ते आवडायचं नाही. मी म्हणायचे, "मी काय तांदळाची गोण आहे का?" तो म्हणायचा, "गोन असतीस तं मागं टाकली असती." ...त्या दिवशीही तो हात आडवा होता. तो मी उचलून बाजूला ठेवला, म्हणून मला माहीत आहे.

तेरावं झालं आणि माझा भाचा नितीन, दामूचा मुलगा, कागद घेऊन माझ्यापुढे बसला. गाडी विकायचा फॉर्म. दामूच्या हक्कसोडीच्या कागदासारखाच घडी घातलेला.

"आत्या, भंगारवाला तयार आहे. ही गाडी आता दारात नको. गुरुजी म्हणाले, या नंबरनेच घात केला."

"गुरुजींनी टँकर बघितला का?"

"आत्या, त्या टँकरचं आता काय होणार? दोन आकड्यांवर पोलिस काय शोधणार? सोसायटीवाले म्हणतात रोज चार टँकर येतात, आम्ही वही ठेवत नाही."

"सात आणि दोन. बेरीज कर."

त्याने फॉर्मची घडी उलगडली.

"नऊ येते. म्हणजे तो टँकर शुभ, आणि तुझ्या बापाची जीप अशुभ?"

कुंदा भिंतीशी बसली होती. तेरा दिवस तिला प्रत्येक जण सांगत होता की बायकोने नवऱ्याला असा नंबर घेऊ द्यायला नको होता. ती इतके दिवस सगळं ऐकून घेत होती. तेव्हा पहिल्यांदा बोलली. "वन्सं, सही करू नका."

मी केली नाही. आयुष्यात एकदा सही करून तीनशे एक्केचाळीस सोडलं आहे. दुसऱ्यांदा सोडणार नाही.

आता मी रोज साडेदहाला शेअर रिक्षाने त्या सोसायटीच्या गेटाशी जाते. पिशवीत ओलं फडकं असतं. टँकर आला की मागे जाऊन त्याची पाटी पुसते आणि वाचते. ड्रायव्हर विचारतात, "आजी, क्या कर रही हो?" मी सांगते, "नंबर पढ रही हूँ. तुम लोग धोते नहीं." वॉचमनने पहिल्या दिवशी हाकललं, आता स्टूल देतो. अजून सात-दोन आलेला नाही. गेल्या सोमवारी नितीन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने वही आणली होती. जे टँकर येतात त्यांचे पूर्ण नंबर तो लिहून घेतो आणि पोलिस ठाण्यात नेऊन देतो. तिथे त्याला बसवून ठेवतात. तो बसतो. बापावर गेला आहे.

जीप गॅरेजमधून परत आली. उजवं दार नवीन आहे, रंग जुळत नाही. नंबर तोच आहे, सकाळी कुंदा पुसते. नितीन चालवतो आणि मी माझ्या सीटवर बसते. तो ब्रेक मारतो तेव्हा माझ्यापुढे हात येत नाही, मी डॅशबोर्ड धरते. काही नातेवाईक अजून आमच्या गाडीत बसत नाहीत, रिक्षाने येतात. त्यांनी रिक्षाने यावं. आठ मोजणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की त्या दिवशी तीनशे एक्केचाळीस नंबरच्या जीपमध्ये दोन माणसं होती. दामू गेला. मी जिवंत आहे.