दोन सर्व्हर, एक सर्टिफिकेट आणि फ्राउ केलर यांची सही

"सही नंतर. आधी मला दिसू दे," आमच्या जर्मन ऑफिसातल्या जुन्या सहकारी फ्राउ केलर म्हणाल्या आणि माझ्या फॉर्मवर पेन आडवं ठेवून दिलं.

बुधवार होता. दुपारचे एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दोन वाजता ऑफिस कँटीनमधून परत येऊन लॉगिन करणार होतं. शिवाय माझ्या प्रोबेत्साइटचा, म्हणजे कायम होण्याआधीच्या सहा महिन्यांच्या परीक्षेचा, तो शेवटचा आठवडा. कायम झाल्याचं पत्र दाखवल्याशिवाय गेर्लिंगेनची घरमालकीण फ्लॅटच्या किल्ल्या देणार नव्हती. तोवर मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी एका खोलीत राहत होतो. कुकर लावला की मुलीच्या पुस्तकांना वाफ लागायची.

काम साधं होतं. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे कंपनीचा पहारेकरी. कोण आपला, कोण परका, ते त्याला ठाऊक. आमच्याकडे असे दोन होते. त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर. लग्नात दाराशी उभे राहून "तुम्ही या पंगतीत, तुम्ही त्या पंगतीत" सांगणारे काका असतात ना, तेच काम. पहारेकऱ्याचंही ओळखपत्र लागतं, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. जुनं रविवारी संपणार होतं. नवं वाइल्डकार्ड आणलं होतं. नावात सुरुवातीला एक चांदणी, त्यामुळे एकच सर्टिफिकेट कंपनीच्या सगळ्या सर्व्हरना चालतं.

ते मी दोन्हीकडे टाकलं. जुनं दोन्हीकडून काढलंसुद्धा, टापटीप म्हणून. माझ्या लॅपटॉपवरून पाच वेळा लॉगिन करून पाहिलं. पाचही वेळा चाललं.

पण जर्मनीत चार डोळ्यांचा नियम असतो. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. पुण्यात माझा सहकारी "तू केलंयस ना, मग झालं" म्हणून सही करायचा आणि चहाला न्यायचा. फ्राउ केलर यांना मी चहा विचारून पाहिला. त्या कॉफी पितात असं कळलं.

त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं. एरर.

"तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी आहे," मी म्हणालो.

"आठ वर्षं नव्हतं," त्या म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप घेतला. चालला. त्याच्या पलीकडचा घेतला. एरर.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', फ्राउ केलर शांतपणे म्हणाल्या, "हेर पाटणकर, तुमचे पाचही पाहुणे एकाच पंगतीत जेवले." हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत; आणि पंगतीचं उदाहरण सकाळी मीच त्यांना ऐकवलं होतं.

खरं होतं. लोड बॅलन्सर एखाद्या माणसाला एकदा ज्या सर्व्हरकडे पाठवतो, पुन्हा आला तरी त्याला तिकडेच पाठवतो. मी पाच वेळा पहिल्याचीच परीक्षा घेतली होती. दुसऱ्याचं दार उघडं दिसत होतं म्हणून काका तिकडेही माणसं पाठवत होते. आत वाढायला कोणी नव्हतं.

दुसरा का रुसला? सर्टिफिकेटची मागणी मी पहिल्या सर्व्हरवर तयार केली होती, त्यामुळे त्याची गुप्त किल्ली, प्रायव्हेट की, तिथेच राहिली. दुसऱ्याला मी नुसतं सर्टिफिकेट दिलं. म्हणजे ओळखपत्र एकाच्या खिशात आणि त्यावरच्या फोटोतला चेहरा दुसऱ्याच्या धडावर.

एक पंचेचाळीस. पहिल्यावरून सर्टिफिकेट किल्लीसकट पासवर्ड लावून एक्स्पोर्ट केलं. दुसऱ्यावर चढवताना घाईत तो पासवर्ड दोनदा चुकीचा टाकला. फ्राउ केलर यांनी माझी खुर्ची हलकेच मागे ओढली. "आता श्वास घ्या. मग टाका." तिसऱ्यांदा बसला. दुसरा सर्व्हर रीस्टार्ट केला. मग त्यांनी पहिल्याला लोड बॅलन्सरमधून बाहेर काढायला लावलं, म्हणजे सगळे दुसऱ्याकडेच जातील. चारही लॅपटॉप चालले. मग उलट करून पाहिलं. तेही चाललं. एक अठ्ठावन्न. जिन्यावर माणसांचे आवाज येऊ लागले होते.

फ्राउ केलर यांनी फॉर्मवर लिहिलं: पहिली तपासणी नापास, दुसरी पास.

"मी नवा फॉर्म भरू का? स्वच्छ, फक्त पासवाला?" शाळेपासून कच्चं-पक्कं करायची सवय.

"मग आपण इतका वेळ काय केलं, ते कसं कळणार?" त्या म्हणाल्या आणि सही केली.

शुक्रवारी बॉस हेर ब्रांट यांनी बोलावलं. समोर तोच फॉर्म. घरमालकिणीला काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागलो.

"नापास कशामुळे?"

"माझ्यामुळे."

"या रकान्यात तांत्रिक कारण लिहायचं असतं," ते म्हणाले.

मी किल्लीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती रकान्यात लिहून घेतली आणि शेजारच्या फायलीतून माझं कायम झाल्याचं पत्र काढून दिलं. ते सोमवारीच टाइप झालं होतं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. "अहो, म्हणजे तुमची चूक तुमच्याशिवाय सगळ्यांना दिसते, हे कळायला जर्मनीला यावं लागलं?" ती म्हणाली आणि खोकी बांधायला लागली.

तेव्हापासून मी कुठलंही काम नुसतं स्वतःच्या लॅपटॉपवरून तपासून संपवत नाही. आपल्या लॅपटॉपला आपली भीड पडते.